काळीज आणि हृदय

मानवी हृदयाच्या रचनेचा विचार वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाने कशासाठी करावा, असा आक्षेप काही वाचक घेतील, आणि तो वरवर पाहता रास्तही वाटेल. परंतु शरीरशास्त्रावरील मराठी लेखन हेही मराठी लेखनच आहे, आणि गद्य म्हणून त्याची परीक्षा कोणीच करीत नाही, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे. डॉक्टर मंडळी त्यातील माहिती बरोबर आहे की नाही एवढे पाहतात. आमचे टीकाकार काव्य-कादंबरीचे आवार सोडून तिकडे फिरकत नाहीत. परिणाम असा की, ज्या लेखनावर प्रसंगी एखाद्याचे आयुष्य अवलंबून असते, तेच लेखन भाषेच्या दृष्टीने पोरके राहिले आहे. आरोग्यविषयक पुस्तके, शालेय पाठ, वृत्तपत्रांतील सदरे आणि रुग्णालयांतील छापील पत्रके यांत हृदयाचे जे वर्णन आढळते, त्याविषयी चार शब्द येथे लिहावयाचे आहेत.

माझी कसोटी साधी आहे. साताऱ्याचा माण तालुका आणि त्यास लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडीकडचा मुलूख, म्हणजे आपण ज्यास माणदेश म्हणतो तो प्रांत. तेथील बोलीत वाढलेला, सातवी-आठवीपर्यंत शिकलेला, शहाणा मनुष्य डोळ्यांपुढे आणावा. हृदयाचे वर्णन वाचून त्यास रक्ताच्या एका थेंबाचा प्रवास बोटाने काढून दाखविता येईल काय? येत असेल तर ते गद्य चांगले. येत नसेल तर त्यातील प्रत्येक विधान खरे असूनही ते गद्य फसले, असे मी म्हणेन. हाच प्रांत घेण्याचे कारण मी तिकडचा, हे तर आहेच. पण 1949 साली व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ प्रसिद्ध झाल्यापासून ह्या बोलीस साहित्यात जो मान मिळाला, तो शास्त्रीय लेखनाच्या उंबऱ्यापाशी एकाएकी संपावा, हे मला पटत नाही.

प्रारंभीच अडचण उभी राहते ती ‘काळीज’ या शब्दाची. माणदेशात हृदय कोणाला नसते. असते ते काळीज. भयाने काळजाचे पाणी होते, दुःखाने काळीज तीळतीळ तुटते, बोचऱ्या शब्दांनी काळजाला घरे पडतात, शूराचे काळीज वाघाचे असते. ‘काळजी’ ह्या रोजच्या शब्दाचे नातेही काळजाशीच दिसते. आता गंमत अशी की, हा शब्द मुळात ज्या अवयवाचा, तो हृदय नव्हेच. संस्कृतात कालखण्ड, कालेय हे शब्द यकृताचे. अमरकोशानेही कालखण्ड आणि यकृत् हे एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत. त्यांच्याच कुळातील कलेजी आजही मटणाच्या दुकानात यकृतच असते, आणि खरे हृदय मागावयाचे तर ‘दिल’ म्हणून फारशी शब्दाने मागावे लागते. म्हणजे ज्या भाषेच्या कवींनी काळजावर एवढे लिहिले, तिच्या खाटकास त्या शब्दाने उजव्या बरगड्यांखालचा अवयव उमजतो! यात बोलीचा दोष मानू नये. भावना शरीरात नेमक्या कोठे उठतात याचा पत्ता कोणत्याच भाषेने निश्चित केलेला नाही. आपली मराठी तर त्या निम्म्या पोटातच ठेवते. पोटात धस्स होते, पोटात कालवाकालव होते, अपराधही पोटातच घातले जातात. दोष आहे तो लेखकांचा. एका परिच्छेदात ‘काळजाला जपा’ असा जिव्हाळ्याचा मथळा आणि पुढच्याच परिच्छेदात ‘हृत्स्नायूंना होणारा रक्तपुरवठा’ अशी भाषा आली, तर हे दोन्ही शब्द एकाच वस्तूचे आहेत की दोन वस्तूंचे, हे वाचकास कोण सांगणार? शास्त्रीय वर्णनात ‘हृदय’ हाच शब्द ठेवावा आणि काळीज म्हणींसाठी व कवितेसाठी मोकळे सोडावे, असे माझे मत आहे.

‘हृदय’ शब्दाचीही स्वतःची उपाधी आहेच. बृहदारण्यकोपनिषदात या शब्दाची तीन अक्षरे सुटी करून प्रत्येकाचा अर्थ दिला आहे. त्यावरून ‘हरण करणे, देणे, जाणे, म्हणजे रक्त घेणे, रक्त देणे आणि ते फिरविणे, अर्थात आमच्या ऋषींना रक्ताभिसरण ठाऊक होते’ असा निष्कर्ष अलीकडील कित्येक आरोग्यविषयक लेखांत मोठ्या अभिमानाने काढलेला असतो. मूळ स्थळ उघडून पाहावे. तेथे रक्ताचे नावही नाही. हृदय हाच प्रजापती, हे जो जाणतो त्यास आपले व परके लोक भेटी आणतात, देतात, आणि तो स्वर्गास जातो, असा तो सरळ उपासनेचा अर्थ आहे. सुंदर वाक्याचा अर्थ बदलून त्यास शास्त्राचे प्रमाणपत्र मिळवून देण्यात उपनिषदाचाही गौरव नाही आणि शास्त्राचाही नाही. त्यापेक्षा सुश्रुताकडे जावे. खाली तोंड केलेल्या कमळासारखे हृदय असते, आणि ते जागेपणी उमलते व निद्रेत मिटते, असे त्याने म्हटले आहे. यातील दुसरा भाग खरा नाही. हृदय झोपेतही मिटत नाही, दिवसरात्र मिळून सुमारे एक लाख ठोके देते. परंतु आकाराचे वर्णन केवढे नेमके आहे पाहा! हृदयाचा रुंद भाग वर असतो आणि निमुळते टोक खाली, डावीकडे व थोडे पुढे झुकलेले असते. बंद मुठीएवढी, अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम वजनाची, उरोस्थीच्या मागे किंचित डावीकडे कललेली कमळाची कळी. चित्र इतके स्वच्छ असताना ‘शंक्वाकृती पोकळ स्नायुमय अवयव’ असे लिहिण्याचा मोह आमच्या लेखकांस का व्हावा, हे मला कळत नाही.

आता कळीच्या आत जाऊ. हृदयास चार कप्पे आहेत, दोन वरचे व दोन खालचे. आणि नावांचा खरा घोटाळा येथून सुरू होतो. वरच्या कप्प्यांस कोणी कर्णिका म्हणतात, कोणी अलिंद. खालच्यांस कोणी जवनिका म्हणतात, कोणी निलय. ‘कर्णिका’ म्हणजे लहानसा कान. युरोपीय शरीरशास्त्रज्ञांनी त्या कप्प्यास लागलेली कानाच्या पाळीसारखी पिशवी पाहून जे नाव दिले, त्याचे हे भाषांतर. आज ते नाव तिकडेही त्या पिशवीपुरतेच उरले आहे. कमळातील बीजकोशासही कर्णिका म्हणतात, त्यामुळे सुश्रुताच्या कमळाशी तिचे जमते एवढे खरे. ‘जवनिका’ मात्र अजब आहे. जवनिका म्हणजे पडदा, हे संस्कृत नाटके वाचलेल्या कोणासही ठाऊक असते. ज्या अवयवात पडद्यासारखी वस्तू, म्हणजे झडप, खरोखरीच आहे, तेथे पडद्याचे नाव खोलीस द्यावे आणि पडद्यास दुसरेच काही म्हणावे, ही नामकरणाची रीत आमच्या बुद्धीपलीकडची आहे.

‘अलिंद’ हा शब्द मात्र ज्याने योजिला त्यास दाद दिली पाहिजे. अलिंद म्हणजे घराच्या दारापुढील बैठकीची जागा. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थही रोमन घराच्या पुढील दिवाणखाना असाच आहे. इतका जुळता शब्द शोधूनही तो निकामी ठरतो, कारण अलिंद म्हणजे काय हे आज दहिवडीस, म्हसवडास, किंबहुना पुण्याच्या सदाशिव पेठेतही कोणास ठाऊक नाही. पण ही जागा प्रत्येक जुन्या घरात आहे, आणि तिचे नाव ओसरी. आल्यागेल्याने आधी ओसरीवर टेकावे आणि मग आत जावे, हेच तर हृदयाच्या वरच्या कप्प्याचे कार्य. ओसरीतून आत गेले की माजघर. ‘उजवी ओसरी, उजवे माजघर, डावी ओसरी, डावे माजघर’ एवढे म्हटले की माणदेशी मनुष्याच्या डोळ्यांपुढे एका भिंतीने विभागलेली दोन भावांची घरे उभी राहतात. परीक्षेच्या पुस्तकांतून अलिंद-निलय घालवावे असे मी म्हणत नाही. ती नावे प्रथम येण्याऐवजी दुसऱ्यांदा यावीत, ओळख ओसरीवर व्हावी, इतकेच माझे म्हणणे. साधे ‘घर’ हे नाव का सुचवीत नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वर येऊन गेले आहे: ‘हृदयाला चार घरे असतात’ हे वाक्य ऐकून माणदेशातील आजीबाई प्रथम ‘कोणी एवढं लागट बोललं?’ असेच विचारतील.

ह्या घरांतून आता रक्ताचा थेंब नेऊन पाहू. सर्व शरीर फिरून, प्राणवायू देऊन आलेले काळसर रक्त वरून एक व खालून एक अशा दोन महानीलांनी उजव्या ओसरीत येते. तीन पाकळ्यांच्या झडपेतून ते उजव्या माजघरात उतरते. माजघर आवळले की झडप मिटते, मागची वाट बंद होते आणि रक्त फुप्फुस-रोहिणीने फुप्फुसांत जाते. तेथे कर्बवायू सोडून व प्राणवायू घेऊन ते बहुधा चार नीलांनी डाव्या ओसरीत परतते, दोन पाकळ्यांच्या झडपेतून डाव्या माजघरात जाते, आणि तेथून महारोहिणीने मस्तकापासून पायाच्या नखापर्यंत पोहोचते. उजव्या माजघरास रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलावयाचे असते, डाव्यास साऱ्या शरीरात. म्हणून डाव्याची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीस दार नाही. गर्भात असताना दोन ओसऱ्यांच्या दरम्यान एक लंबगोल खिडकी उघडी असते. मूल जन्मून श्वास घेऊ लागले की ती लागते, आणि चौघांपैकी सुमारे एकाची पुरती सांधली न जाताही त्याचे आयुष्य बहुधा सुखाने जाते.

एवढे वर्णन बहुतेक पुस्तकांत असते. पण येथे गद्याचा एक स्वाभाविक दोष आड येतो व तो फार थोड्या लेखकांच्या ध्यानी येतो. गद्य एका ओळीत चालते. एक गोष्ट सांगून झाल्यावाचून दुसरी सांगता येत नाही. त्यामुळे आधी उजवी बाजू काम करते आणि तिचे आटोपल्यावर डावी, अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः दोन्ही ओसऱ्या एकदम आवळतात आणि दोन्ही माजघरे एकदम. एका छपराखाली दोन रहाट, एकाच तालावर. थेंबाची कथा संपली की ‘हे सारे दोन्हीकडे एकाच वेळी चालले आहे’ हे एक वाक्य हवेच. आणि मी चाळलेल्या पुस्तकांपैकी निम्म्यांत ते नाही.

झडपांविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण हृदयाची अब्रू झडपांवर आहे. ‘झडप’ हा शब्द सुरेख. तो बोलीत आहे, त्यात फडफड आहे, आणि वाऱ्याने लागणाऱ्या झडपेप्रमाणे हृदयाची झडपही स्वतः जोर करीत नाही. रक्ताच्या दाबाने ती उघडते व मिटते. छातीस कान लावल्यावर जो दुहेरी आवाज येतो तो ह्या दारे लागण्याचा: पहिला ओसरी-माजघरांमधल्या झडपांचा, दुसरा रोहिण्यांच्या मुखाशी असलेल्या झडपांचा. इतक्या चांगल्या शब्दास लेखकांनी ‘द्विदल’ हे विशेषण जोडले. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या आत्या माण तालुक्यातल्या. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात त्यांच्यापुढे संमतिपत्र आले, त्यावर ‘द्विदल झडपेचे संकोचन’ असे छापले होते. भाच्याने ते वाचून दाखविल्यावर त्या म्हणाल्या, “द्विदल म्हंजी डाळच न्हवं का रं? मग आता तुरीची डाळ बंद करायची का काय?” भाचा हे सांगताना हसला, मला हसू आले नाही. बाईंनी शब्दाचा जो अर्थ केला तो प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात खरा आहे. ज्या कागदावर आपली छाती उघडण्यास आपण अनुमती द्यावयाची, त्यातील मुख्य शब्द डाळीचा निघावा, ह्यात अडाणीपणा कोणाचा?

त्यांचा विकार त्या मुलखात मुळीच अपूर्व नाही. लहानपणी घसा येतो, दुर्लक्ष होते, मग ताप येऊन सांधे सुजतात व आपोआप उतरतात. आणि पुढे कित्येक वर्षांनी, स्त्रियांच्या बाबतीत पुष्कळदा बाळंतपणाच्या सुमारास, धाप लागू लागते. त्या रुमॅटिक तापाने डाव्या झडपेच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींस चिकटलेल्या असतात. ताप एकदा होऊन गेल्यावर पेनिसिलीनची सुई ठरावीक आठवड्यांनी अनेक वर्षे टोचून घेतली, तर झडपेची पुढची हानी पुष्कळ अंशी टळते. ‘दार पुरते उघडत नाही, म्हणून ओसरीत गर्दी तुंबते आणि ती मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचते, म्हणून आडवे पडले की जीव घुसमटतो’ एवढे कोणी सांगितले असते, तर बाईंस स्वतःच्या दुखण्याचा अर्थ लागला असता.

झडपेच्या पाकळ्यांस खालून बारीक पांढऱ्या दोऱ्या बांधलेल्या असतात व त्यांची मुळे माजघराच्या भिंतीतून उठलेल्या स्नायूंच्या खुंट्यांत असतात. ह्या दोऱ्या दार उघडण्यासाठी असतात असे पुष्कळांस वाटते. त्यांचे काम निराळे आहे. माजघर आवळल्यावर रक्ताच्या जोराने पाकळी उलटून ओसरीत जाऊ नये, म्हणून त्या ताणून धरतात. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांस दोन दोर आठवतील: जाड नाडा मोट ओढणारा, आणि बारीक सोंदूर कातड्याच्या सोंडेस बांधलेला. मोट वर येत असता सोंड लोंबून पाणी विहिरीतच सांडू नये म्हणून सोंदूर तिला आवरून धरतो. उपमा येथवरच न्यावी. थारोळ्यापाशी सोंदूर सोंड मोकळी सोडतो, तसे हृदयात काही होत नाही. पण सोंदूर तुटल्यावर मोटेची जी गत होते, तीच ही दोरी तुटल्यावर झडपेची होते, आणि रक्त उलटे वाहते. मोटा गेल्या, विहिरींवर विजेचे पंप आले. तथापि घरातल्या म्हाताऱ्यांस हा शब्द अजून ठाऊक आहे, आणि हृदयाच्या दुखण्याचे कागदही बहुधा त्यांच्याच पुढे येतात.

बोलीची एवढी बाजू घेतल्यावर तिच्या विरुद्धही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोपा शब्द नेहमी खरा असतोच असे नाही. ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ ही जोडी घ्या. शाळेत आम्ही हीच शिकलो, आणि ती इतकी सोपी आहे की एकदा ऐकली म्हणजे विसरत नाही. नव्या पाठ्यपुस्तकांनी तिच्या जागी ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित असे शब्द आणले, त्यावर ते कर्कश आहेत अशी तक्रार होते. कर्कश आहेत खरे. पण जुनी जोडी खोटी आहे. काळसर रक्त मळलेले नसते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून परतणाऱ्या ह्या तथाकथित अशुद्ध रक्तात प्राणवायूचा सुमारे पाऊण हिस्सा शिल्लकच असतो. त्यामुळे ‘विरहित’ हाही शब्द अतिशयोक्तीचा, ‘ऊन’ म्हणावे. शिवाय रक्तातील युरियासारखी घाण काढतात ती मूत्रपिंडे. त्या दृष्टीने मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या नीलेतील रक्त रोहिणीतल्या रक्ताहून अधिक स्वच्छ ठरेल. आणि हृदय तर कशाचीच शुद्धी करीत नाही, ते ढकलते. जुन्या मराठीत ‘अशुद्ध’ हे नाम रक्ताचेच होते, रणांगणावर अशुद्धाचे पूर वाहत. म्हणजे ‘अशुद्ध रक्त’ ही जुन्या अर्थाने द्विरुक्ती आणि ‘शुद्ध रक्त’ हा वदतोव्याघात! त्यात आपल्या समाजात शुद्ध-अशुद्ध हे शब्द सोवळ्या-ओवळ्याचा व जातीचा वास घेऊन येतात. एकाच शरीरातील अर्धे रक्त ओवळे ठरविणारी शब्दयोजना मुलांच्या पुस्तकात नसलेली बरी. ‘लाल’ आणि ‘काळसर’ म्हणावे. दोन्ही डोळ्यांस दिसतात.

रंगाचा आधार घेतला म्हणजे नीला आणि रोहिणी ही नावेही तपासावी लागतात. सुश्रुताच्या मते रोहिणी शिरा रक्त वाहतात, नीला पित्त. आजच्या मराठीने ही नावे उचलून त्यांस नवा अर्थ दिला. हृदयाकडून निघते ती रोहिणी व हृदयाकडे येते ती नीला, मग आतील रक्त कोणत्याही रंगाचे असो. म्हणून फुप्फुस-रोहिणीत काळसर रक्त आणि फुप्फुस-नीलेत लाल, असा उलटा प्रकार होतो व प्रत्येक पिढीतील विद्यार्थी येथे अडखळतो. ‘जाणारी’ आणि ‘येणारी’ एवढी दोन विशेषणे पहिल्यांदा जोडून दिली, तर अडखळण्यास जागा उरणार नाही.

आमच्या पुस्तकांत सर्वांत मोठी उणीव मला भासते ती युक्तिवादाची. रक्त फिरते हे सांगितलेले असते; ते कसे कळले, हे क्वचितच. विल्यम हार्वे याने 1628 साली आपला ग्रंथ छापला, तेव्हा रोहिण्यांतून नीलांत रक्त नेणाऱ्या केशिका त्यास दिसल्या नव्हत्या. त्या माल्पिघी याने 1661 साली सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या, तोवर हार्वे वारला होता. त्याने केला तो हिशेब. प्रत्येक ठोक्यास हृदय किती रक्त बाहेर टाकते याचा कमीत कमी अंदाज धरला, त्यास ठोक्यांनी गुणिले, आणि अर्ध्या तासातच ते शरीरातल्या एकूण रक्ताहून अधिक भरते असे दाखविले. इतके रक्त अन्नापासून क्षणोक्षणी नवे होणे शक्य नाही. तेव्हा तेच फिरून येत असले पाहिजे. हा युक्तिवाद माणदेशात जितका लवकर पटेल तितका इतरत्र पटणार नाही. विहिरीत पाणी किती आहे आणि मोटेने किती उपसले, हे ज्यास घरचा हिशेब म्हणून ठाऊक आहे, त्यास विहिरीतल्या एकूण पाण्याहून अधिक पाणी घटकाभरात थारोळ्यात पडले असे सांगितले, तर ते पाटाने परत विहिरीतच येत असणार हे तो तुम्ही सांगण्यापूर्वी सांगेल. आजचे आकडे हार्वेच्या अंदाजापेक्षा पुष्कळ मोठे आहेत: एका ठोक्यास सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटास सुमारे 70 ठोके, म्हणजे मिनिटास पाच लिटर, आणि शरीरात रक्तही सुमारे पाचच लिटर.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत ओळीदोन ओळींत उरकलेली असते, आणि आज घरोघरी तिचीच चर्चा आहे. अहोरात्र रक्ताने भरणारे हृदय स्वतः त्या रक्तातून पोसले जात नाही. आतल्या अस्तरास चाटून जाते तेवढेच. त्याच्या जाड भिंतीस रक्त मिळते ते बाहेरून, महारोहिणीच्या अगदी मुळाशी फुटणाऱ्या दोन बारीक रोहिण्यांनी. त्यातही डाव्या माजघराच्या भिंतीस बहुतेक रक्त मिळते ते हृदय सैल पडल्यावर, कारण आवळलेले असताना ते स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरते. ह्यांपैकी एखादी तुंबली म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो, आणि बायपास किंवा स्टेंट हे सारे उपचार ह्या बोटभर पाटांचे. ‘परिहृद्-रोहिणी’ असे त्यांचे ग्रांथिक नाव छापून आमचे लेखक पुढे जातात. त्यांनी महाबळेश्वर आणि माण ही नावे शेजारी लिहावीत. एकाच सातारा जिल्ह्यात पश्चिमेस वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेस माणात त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. जिल्हा पाण्याने भरलेला आहे म्हणून माणगंगा भरत नाही. पाणी आणावयाचे तर पाट निराळा काढावा लागतो. उशाशी धरण आणि घशाला कोरड म्हणजे काय, हे ज्या तालुक्यास समजावून सांगावे लागत नाही, त्यास भरल्या हृदयाची तहानही दोन वाक्यांत समजेल.